ओव्हलचा हत्ती

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

माझा एक पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. लहानपणी हर्णेच्या पुळणीवर माडाच्या झावळीची बॅट करून क्रिकेट खेळणारा हा मुलगा आता बेसबॉलच्या नादी लागला आहे. मागे एकदा सुटीत आला, तेव्हा मला म्हणाला, "काका, तुम्ही इतिहासाचे मास्तर. मग हे कोडं सोडवून दाखवा." आणि त्याने मला बेब रूथची गोष्ट सांगितली.

बेब रूथ म्हणजे बेसबॉलमधला दंतकथा झालेला फलंदाज. १ ऑक्टोबर १९३२, शिकागोचे रिगली फील्ड, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या मालिकेचा तिसरा सामना. दोन्ही संघांचे गुण चार-चार. समोर चार्ली रूट नावाचा गोलंदाज. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. रूथचे दोन झाले होते. प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडू आणि यजमान शिकागोचे प्रेक्षक त्याची यथेच्छ टर उडवत होते. तेव्हा रूथने हात वर केला, बोट दाखवले आणि पुढचाच टोला असा हाणला की चेंडू मैदानाच्या मधोमध, थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. त्याला होमरन म्हणतात, आपल्या षटकाराचा थोरला भाऊ समजा.

आता वाद असा की, रूथने बोट दाखवले ते कुठे? "चेंडू तिथे टाकणार" असे सांगण्यासाठी कुंपणाकडे? की टर उडवणाऱ्यांना "अजून एक बाकी आहे" असे बजावण्यासाठी? त्या दिवशी मैदानात पन्नास हजारांच्या आसपास माणसे होती. त्यांतल्या कित्येकांनी मरेपर्यंत शपथेवर सांगितले की, त्याने कुंपणच दाखवले. गोलंदाज रूटने मरेपर्यंत तितक्याच ठामपणे सांगितले की, असे काही घडलेच नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी एका प्रेक्षकाने घरगुती कॅमेऱ्याने घेतलेली फिल्म सापडली. तिच्यात हात वर झालेला दिसतो. बोट कुठे रोखले आहे, ते कळत नाही!

कोडे मला सुटले नाही. पण ते ऐकता ऐकता मला आमच्या घरातला एक जुना वाद आठवला. रिगली फील्डवर पन्नास हजार लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर एकमत होत नाही. हर्णेच्या आमच्या ओट्यावर तर मॅच कुणी पाहिलीच नव्हती. ती आम्ही ऐकली होती. तीही निम्मीच.

हर्णे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. दापोलीहून घाट उतरून आलात की समोर समुद्र, आणि समुद्रात सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर कनकदुर्ग, त्यावर दीपगृह. बंदरात संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव सुरू होतो. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज आणि त्या आवाजातला चढउतार ज्याने ऐकला आहे, त्याला क्रिकेटच्या समालोचनाचे फारसे नवल वाटत नाही. पूर्वी मुंबईहून बोट यायची, पावसाळ्यात ती बंद. म्हणून गणपतीला येणारे आम्ही चाकरमानी एसटीने यायचो, घाटात ओकत ओकत.

१९७१ साली मी आठ वर्षांचा होतो. त्या वर्षी गणेश चतुर्थी आली २४ ऑगस्टला, मंगळवारी. आणि त्याच दिवशी लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यातल्या तिसऱ्या कसोटीचा शेवटचा दिवस होता. भारताला जिंकायला १७३ धावा हव्या होत्या आणि आदल्या संध्याकाळपर्यंत २ बाद ७६ झाल्या होत्या. इंग्लंडच्या भूमीवर भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती.

आमच्या घरात रेडिओ नव्हता. रेडिओ होता सारंगचाचांकडे. चाचा मोहल्ल्यातले, जहाजावर सारंग म्हणून नोकरी केलेले, म्हणजे खलाशांचे मुकादम. परदेशातून आणलेला त्यांचा ट्रान्झिस्टर चामड्याच्या पिशवीत असायचा आणि त्या पिशवीला चाचांखेरीज कुणी हात लावायचा नाही. ते आणि माझे थोरले काका बालपणापासूनचे मित्र. चतुर्थीच्या दुपारी मोदकांचे जेवण उरकून सगळे आडवे झाले होते, तेव्हा चाचा छत्री सावरत, ट्रान्झिस्टर पोटाशी धरून आले आणि ओट्यावर बसले. भारताची वेळ इंग्लंडच्या उन्हाळी वेळेच्या साडेचार तास पुढे. तिथे सकाळचा खेळ सुरू झाला तेव्हा इथे चार वाजले होते.

समालोचन इंग्रजीत, लघुलहरींवर. आवाज समुद्राच्या लाटेसारखा यायचा आणि जायचा. वर कौलांवर पाऊस. ओट्यावर पंचवीसएक माणसे, त्यांत इंग्रजी समजणारे तीन-चार. म्हणून काका ऐकत आणि मराठीत सांगत. मराठी समालोचनाला बाळ ज. पंडितांनी वळण लावले, हे खरे. पण आमच्या आळीपुरते मराठी समालोचक म्हणजे आमचे काकाच. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून कमावलेला आवाज. "आला, टाकला, मारला!" असे ते म्हणाले की आमच्या अंगावर काटा यायचा. आणि रेडिओची खरखर वाढून काहीच ऐकू येईनासे झाले, तरी काका थांबत नसत. चाचा कानाशी ट्रान्झिस्टर धरून बटण फिरवत, आणि काका डोळे मिटून सांगत राहत.

माजघरात आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिला क्रिकेटमधले ओ की ठो कळत नव्हते. पण त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये वेस्ट इंडीजमध्ये एका पोराने पहिल्याच मालिकेत, चार कसोटींत मिळून ७७४ धावा केल्या होत्या आणि त्याचे नाव घरोघर पोचले होते. आडनावावरून आजीने तो आपल्या तळकोकणातला ठरवून टाकला होता. मधूनमधून ती आतून विचारी, "गावसकर आहे ना रे?" आणि काका ओट्यावरून ओरडून सांगत, "आहे आई, आहे! खेळतोय!"

दिवेलागण झाली. आरतीची ताटे तयार होती, निरांजने पेटली होती. पण आरतीला कुणी उठेना. आणि मग चाचा एकदम उभेच राहिले. चौकार! भारत जिंकला. काकांनी घंटा उचलली ती तशीच वाजवत सुटले. त्या दिवशीची आरती मी जन्मात विसरणार नाही. चाचा ओट्याच्या पायरीवर ट्रान्झिस्टर छातीशी धरून उभे होते आणि आतून आजीचा आवाज आला, "केलंन् ना शेवटी पोरानं!"

तर आमच्या घराच्या इतिहासात १९७१ची ओव्हल कसोटी गावसकरने जिंकून दिली.

जाणकार श्रोत्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. त्या कसोटीत गावसकरने पहिल्या डावात ६ आणि दुसऱ्या डावात ० धावा केल्या. दुसऱ्या डावात जॉन स्नोने त्याला पायचीत केले, तेही आदल्याच दिवशी. म्हणजे आमच्या ओट्यावर काका "खेळतोय" म्हणून सांगत होते, तेव्हा तो गडी बाद होऊन एक रात्र उलटली होती. शेवटच्या दिवशी सकाळी कर्णधार अजित वाडेकर ४५ धावांवर आहे त्याच धावसंख्येत धावचीत झाले. मग दिलीप सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३, फारूख इंजिनियर नाबाद २८, आणि अबिद अलीने विजयाचा चौकार मारला. ६ बाद १७४. आणि या सगळ्याच्या आधी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले होते. खरा मानकरी तोच.

याला तोडीस तोड एक गोष्ट बेसबॉलच्या इतिहासात आहे, तीही पुतण्यानेच सांगितली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रीगन १९३०च्या दशकात आयोवा राज्यातल्या एका रेडिओ केंद्रावर निवेदक होते. सामना चालायचा शेकडो मैलांवर शिकागोत. हे बसायचे केंद्रातल्या खोलीत. तारेने त्रोटक निरोप यायचा, आणि त्यावरून रीगनसाहेब जणू मैदानातच बसले आहेत असे रंगवून सांगायचे. एकदा तार बंद पडली. फलंदाज उभा, गोलंदाज तयार, आणि पुढे काय झाले ते कळायला मार्ग नाही. श्रोत्यांना तसे सांगितले तर ते दुसरे केंद्र लावणार! म्हणून रीगन यांनी त्या फलंदाजाला चेंडूमागून चेंडू बाहेर मारायला लावले. फाउल, पुन्हा फाउल, पुन्हा फाउल. सहा मिनिटांहून जास्त वेळ. तार पुन्हा सुरू झाली तेव्हा कळले की, तो बिचारा पहिल्याच चेंडूवर झेल देऊन परतला होता. ही गोष्ट रीगन स्वतःच हसत हसत सांगत. तेव्हा तीतही मीठमसाला किती, ते आपण आपल्या अंदाजाने ठरवावे.

आमच्या काकांनीही हेच केले होते. फरक एवढाच की, त्यांनी ते कधी हसत सांगितले नाही.

ही आख्यायिका घरात रुजली, याला आणखी एक कारण झाले. १९७९ साली भारत पुन्हा ओव्हलवर होता. पुन्हा शेवटच्या दिवशी पाठलाग, या वेळी लक्ष्य ४३८ धावांचे. आणि या वेळी गावसकर खरोखरच खेळला. २२१ धावा! पण तो बाद झाल्यावर घसरगुंडी झाली. सामना सुटला तेव्हा भारत ८ बाद ४२९. नऊ धावा कमी पडल्या.

या नऊ धावांवरून एक गंमत सांगतो. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर खेळत होते. ब्रॅडमनचा विश्वविक्रम तेव्हा नाबाद ४५२ धावांचा. बरोबरी करायलाही नऊच धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. एवढा मार खाल्ल्यावर काठियावाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. मराठी माणसाच्या नशिबी नऊ धावांचा काही शाप आहे, असे काका म्हणत. गेलेल्या नऊ धावांचे दुःख ते केलेल्या ४४३ धावांच्या आनंदापेक्षा जास्त रंगवून सांगत, ही आपल्याकडची जुनी खोड.

तर काकांच्या बोलण्यात हळूहळू दोन्ही ओव्हल एक झाल्या. चतुर्थीचा दिवस, पाऊस, सारंगचाचांचा ट्रान्झिस्टर, आजी, घंटा हे सगळे १९७१चे. आणि २२१ धावा १९७९च्या. मीसुद्धा कॉलेजात मित्रांना हेच सांगत असे. एकदा एका मित्राने पैज लावून मला खोटे पाडले, तेव्हा मी पहिल्यांदा धावफलक उघडून पाहिला.

यावरून काकांची आठवणच कच्ची होती असे कुणी समजू नये. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला एक सामना होता. १९४३च्या डिसेंबरात, सतरा वर्षांचे असताना, ते मुंबईत गिरगावात नातेवाइकांकडे राहत होते. ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली, हिंदू विरुद्ध रेस्ट. रेस्ट म्हणजे ख्रिस्ती आणि इतर. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात रेस्टकडून सांगलीचे विजय हजारे उभे राहिले आणि ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. काका सांगत, "धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला नुसता उभा होता रे, खांबासारखा. तीनशेची भागी झाली आणि त्याच्या एकवीस." मला ही अतिशयोक्ती वाटे. पुस्तकात पाहिले तर आकडा तंतोतंत. तीनशेच्या भागीदारीत विवेकच्या २१. एवढे करून रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले. पण आज त्या सामन्यातले हजारेच आठवतात.

सारंगचाचांचा सामना पुढच्या वर्षीचा. १९४४ची अंतिम लढत, हिंदू विरुद्ध मुस्लिम. के. सी. इब्राहिम शतक ठोकून शेवटपर्यंत नाबाद राहिला आणि मुस्लिम संघ एका गड्याने जिंकला. "तुझं त्रेचाळीस, आमचं चव्वेचाळीस," असे दोघांचे चाले. धर्मावर संघ पाडलेले हे सामने. गांधीजींनी १९४०मध्येच त्यांना नापसंती दर्शवली होती आणि १९४६मध्ये ते कायमचे बंद झाले. बंद झाले ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. पण तेच सामने पाहिलेले दोन म्हातारे तीस वर्षांनंतरही एका ओट्यावर बसून, एका रेडिओला कान लावून भारत जिंकावा म्हणून तळमळत होते, हेही मी पाहिले आहे.

या दोघांच्या गप्पांत एक नाव मात्र कधी आले नाही. ते मला पुढे पुस्तकांतून कळले. ओव्हलच्या विजयात जवळच्या क्षेत्रात झेल घेणारा एकनाथ सोलकर, त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे मैदान राखत. मैदानाच्या कडेच्या झोपडीत वाढलेला पोरगा. त्याच जिमखान्याकडून पाऊणशे वर्षांपूर्वी असाच एक मैदानावरचा कामगार खेळू लागला होता. त्याचे नाव बाळू, आडनाव पालवणकर. म्हणजे मूळ आपल्या कोकणातल्या पालवणचे. जन्म धारवाडचा. जातीने चांभार. पुण्याला इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी लोळवायची, जाळी उभारायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, याचे त्याला महिना चार रुपये मिळत. ग्रेग नावाचा साहेब तर बाद झाला की दर वेळी बाळूला आठ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र त्याच्या हाती क्वचितच कुणी दिली.

असा हा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदूंच्या संघात आला तो त्याच्यावाचून भागेना म्हणून. पुण्याला मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळत. पण चहाच्या वेळी त्याला चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूची गोलंदाजी मोलाची ठरली. १९११मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने मार खाल्ला; बाळूने मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर त्याचा सत्कार झाला, त्यात पुढाकार घेणाऱ्यांत तरुण भीमराव आंबेडकर होते. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे आणि बालपणीची काही वर्षे गेली ती दापोलीला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे १९३७च्या निवडणुकीत हेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि आंबेडकर जिंकले, तो निराळा आणि मोठा विषय आहे.

एवढे करूनही बाळूला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२०मध्ये त्याच्या भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले. १९२३मध्ये अखेर विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू जिंकले.

पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो पटकन म्हणाला, "म्हणजे तुमचा जॅकी रॉबिन्सन!" जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू. १५ एप्रिल १९४७ला तो ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि बड्या बेसबॉलमधली, त्या शतकातली गोऱ्यांची मक्तेदारी मोडली. १९९७पासून त्याचा ४२ हा क्रमांक सगळ्या संघांनी निवृत्त केला. दर वर्षी १५ एप्रिलला मात्र सगळेच्या सगळे खेळाडू ४२ क्रमांकाचा सदरा घालून खेळतात. मी म्हटले, "बाबा रे, बाळू रॉबिन्सनच्या चाळीस वर्षे आधीचा. तेव्हा रॉबिन्सन तुमचा बाळू." तो हसला. पण मी मनात हिशोब करत होतो. निंबाळकरांच्या हुकलेल्या नऊ धावा हर्णेच्या ओट्यावर पाठ होत्या, विवेक हजारेच्या एकवीस पाठ होत्या. आडनावात कोकणातल्या गावाचे नाव लावणाऱ्या माणसाचे ११४ बळी कुणाला ठाऊक नव्हते.

आता पुन्हा काकांकडे येतो. २००६मध्ये ते ऐंशी वर्षांचे झाले. मी तेव्हा ऐन भरातला इतिहासाचा प्राध्यापक! त्यांच्या वाढदिवसाला हर्णेला गेलो तो दोन्ही धावफलकांच्या छायाप्रती आणि १९७९चे पंचांग घेऊनच. जेवणानंतर मी पुरावे मांडले. म्हटले, "काका, २२१ धावांचा सामना संपला ४ सप्टेंबर १९७९ला. अनंत चतुर्दशी जवळ आली होती हे खरे. पण आपला गणपती गौरींबरोबर जातो. तो तेव्हा घरात नव्हताच. आजीही नव्हती, ती एकाहत्तरच्या दिवाळीआधीच गेली. आणि सारंगचाचा गेले शहात्तर साली. मग तुम्ही ट्रान्झिस्टर ऐकलात कुणाचा?"

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझं पुस्तक चुकलंय." आणि उठून आत गेले. दुसऱ्या दिवशीही ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मी पुरावा मांडला तो अचूक होता. पण वाढदिवसाच्या दिवशी तो मांडायची काय गरज होती, हे काकूने मला ज्या शब्दांत विचारले, ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

निघण्याच्या दिवशी सकाळी काका स्वतःहून ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "हत्तीचं तरी खरं धरतोस ना?"

हत्तीचे सांगायचे राहिलेच. १९७१च्या त्या चतुर्थीनंतर मुंबईचे वर्तमानपत्र एसटीने दापोलीमार्गे हर्णेला आले. त्यात बातमी होती की, गणेश चतुर्थीनिमित्त भारतीय मंडळींनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून ओव्हलच्या मैदानावर मिरवली. काकांनी हे ओट्यावर वाचून दाखवले तेव्हा एकाचाही विश्वास बसला नाही. लंडनमध्ये, कसोटीच्या मैदानात हत्ती? लोक म्हणाले, काकांनी आता फारच ताणले. गावसकरच्या न झालेल्या धावा सगळ्यांनी बिनतक्रार मान्य केल्या होत्या आणि खरोखर आलेल्या हत्तीला मात्र थापेत काढले होते. चाचा एकटे म्हणाले, "आला असंल. आज त्याचाच दिस."

मी काकांना म्हटले, "हत्तीचं अगदी खरं. त्याचे फोटोसुद्धा आहेत." ते ऐकून त्यांची कळी थोडी खुलली. मग म्हणाले, "आईचं तेव्हा अन्न तुटलं होतं. त्या दिवशी मात्र मोदक मागून खाल्लान्." आणखी काही बोलले नाहीत. एसटीची वेळ झाली होती, मी निघालो.

काका २०१०मध्ये गेले. दुकान त्याआधीच बंद झाले होते. घर आवरताना माळ्यावर दुकानाच्या जुन्या रोजखर्डांची गाठोडी निघाली. लाल कापडी बांधणीच्या उभ्या वह्या. मी १९७१ची शोधून काढली. २३ ऑगस्ट, सोमवार, हरतालिका. सणाच्या आदल्या दिवसाची गर्दी असावी, पान गच्च भरलेले आहे. गूळ, नारळ, कापूर, रॉकेल, कुणाची किती उधारी. आणि उजव्या समासात, चाचांचा रेडिओ ऐकता ऐकता टिपावा तसा, काकांच्याच बारीक अक्षरात धावफलक होता. भारत २ बाद ७६. वाडेकर ४५ खेळतो. गावसकर ०.